पॅरिस म्हणजे टाळ्या

लातूरला माझ्या भावाच्या घरात शालींचं एक कपाट आहे. वहिनीच्या साड्या खाली लोखंडी पेटीत कोंबलेल्या असतात आणि कपाटाचे वरचे तिन्ही कप्पे शालींनी भरलेले. तिथं मावत नाहीत म्हणून फ्रिजवर शाल, शिलाई मशीनवर शाल, थंडीत कूलरवर शाल. माणसं मात्र गोधडी पांघरतात.

ह्या सगळ्या शाली माझ्या भाचीला मिळालेल्या. चार वर्षांची होती तेव्हापासून तिचा सत्कार होत आला. शालीसोबत नारळ येतो. वहिनी सांगते, आमच्या घरी कित्येक वर्षं खोबरं विकत आणायची वेळ आली नाही. पोरीच्या हुशारीची चटणी सगळी गल्ली खात होती.

त्या ढिगात तपकिरी काठाची एक शाल आहे. तिच्या कोपऱ्याला हळदीचा डाग पडलेला. ती चाकूरच्या एका लग्नात भाचीच्या अंगावर पडली. वहिनीनं ती पुढं उदगीरच्या पाहुण्यांना आहेरात देऊन टाकली. दोनएक वर्षांनी उमरीला कार्यक्रम झाला, तिथल्या पुढाऱ्यानं तीच शाल पुन्हा भाचीच्या अंगावर घातली. मधे ती कोणाकोणाच्या अंगावरून फिरून आली देव जाणे. वहिनीनं डाग ओळखला. "आली बाई माहेराला," म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली.

मी स्वतः चौथी शिकले. चाकूरजवळच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा दोन कोसांवर. भाऊ सायकलवर जायचा. सायकलच्या मागं बसायला जागा होती, पण तिथं त्याचं दप्तर बांधलेलं असायचं. भाऊ शिकून गुरुजी झाला, लातूरला घर केलं. मला नांदेडला दिलं. वाचायची खोड मला तेव्हापासून आहे आणि लिहायची नंतर लागली. लिहिते ते कोणाला दाखवत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून वहीत जरा जास्त फुटतात.

भाची चार वर्षांची होती तेव्हा वहिनीचं दुसरं बाळंतपण होतं. वहिनीला आई नव्हती, म्हणून मला दीड महिना लातूरला बोलावून घेतलं. रोज सकाळी मी आत भाकरी थापायचे आणि बाहेरच्या खोलीत भावाची शिकवणी चालायची. त्यानं देश आणि त्यांच्या राजधान्या अशी एक यादी वहीत उतरवली होती. तो देश म्हणायचा, पोरगी राजधानी म्हणायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. यादीतला शेवटचा देश फ्रान्स. पोरगी "पॅरिस!" म्हणून ओरडली की घरात असतील ती सगळी माणसं टाळ्या वाजवायची. पंधरा दिवसांत यादी तिला पाठ झाली. मलाही झाली. माझं कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि मला टाळीही वाजवता आली नाही, हाताला पीठ होतं.

एकदा तिला वरणभात भरवताना मी सहज विचारलं, "फ्रान्स म्हणजे काय गं?"

"पॅरिस."

"अन् पॅरिस म्हणजे?"

ती थांबली. तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "पॅरिस म्हणजे टाळ्या."

मी आणखी एक करून बघितलं. यादीतला मधलाच एक देश विचारला. तर ती बोटं मोजत पहिल्यापासून पुटपुटत खाली आली, जसं आपण पाढ्यात अडलो की मागं जाऊन एकापासून येतो. संध्याकाळी मी भावाला हे सांगितलं. म्हटलं, "दादा, देश म्हणजे काय असतो ते तिला एकदा सांग की."

भाऊ हसला. "तू चौथी शिकलीस. ह्याच्यात पडू नको. तिकडं भाकरी करपायली बघ."

भाकरी करपत नव्हती. तरी मी उठून बघून आले.

मग कार्यक्रम सुरू झाले. लग्नात अक्षता पडल्या आणि पंगत बसायला वेळ असला की भाऊ पोरीला प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी करायचा आणि बँडवाल्याचा माइक घ्यायचा. भुकेली माणसं फार मनापासून टाळ्या वाजवतात, कारण टाळ्या वाजल्या की आपलं ताट वाढलं जाईल अशी त्यांना आशा असते. जळकोटच्या लग्नात पुढं एक फेटेवाले आजोबा बसले होते. यादी संपली, टाळ्या झाल्या, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "पोरी, लई हुशार हायस. मला एक सांग, हितून उदगीर किती लांब हाय?"

पोरीनं बापाकडं बघितलं. बाप माइकवर म्हणाला, "आजोबा, असले लोकल प्रश्न ती घेत न्हाई."

त्यालाही टाळ्या पडल्या.

इथपर्यंत चालण्यासारखं होतं. सगळ्याच घरात लेकरं नाचवतात. पण भावानं पुढं एक गोष्ट पसरवली आणि सगळा घोटाळा त्या गोष्टीनं केला. तो जिथं जाईल तिथं सांगायचा, "आमची पोरगी पुस्तकाला हात लावत न्हाई. एकदा नजर टाकली की खतम." सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा जसं काही अभ्यास करणं हा गरिबांचा रोग आहे.

लातूरसारख्या गावात हे बोलणं म्हणजे कमालच. तिथं उजाडायच्या आत पोरं पाठीला पिशव्या लावून क्लासला पळत असतात. गल्लीगल्लीत क्लास आणि प्रत्येक क्लासच्या भिंतीवर मागच्या साली पास झालेल्या पोरांची तोंडं. सगळं गाव अभ्यास करतं आणि आमच्या घरी अभ्यास करणं म्हणजे चोरून शेव खाणं झालं होतं. भाची दहावीला असताना मी गेले होते. दाराची कडी वाजली की वहिनी पुस्तकं उचलून फ्रिजवरच्या शालीखाली सारायची. पाहुणे गेले की पुस्तकं बाहेर. एकदा भाऊ अचानक आला, तर पोरगी पुस्तक घेऊन बसलेली. तो दारातच उभा राहिला. "अभ्यास करायलीस? अन् खिडकी उघडी ठेवून?"

शेजारची पोरं अभ्यास करत नाहीत म्हणून मार खात होती, तेव्हा आमची अभ्यास केला म्हणून बोलणी खात होती. पोरीला पाठ व्हायचं, हे खरं. एकदा वाचलेलं पान तिला डोळे मिटून दिसायचं. त्याच्या जोरावर ती दहावीला वर आली, बारावीला जरा खाली आली आणि मेडिकलच्या परीक्षेत कुठंच आली नाही. भावानं लोकांना सांगितलं, पेपरच्या दिवशी तिला ताप होता. त्याच वेळी वहिनीनं दुसरीकडं सांगितलं, तिचं पोट बिघडलं होतं. त्यामुळं काही दिवस गल्लीत पोरीच्या तब्येतीची मोठी काळजी पसरली. एकीनं तर साबुदाण्याची खीर आणून दिली. पुढं दोघांचं एकमत झालं की तिला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. तिला शास्त्रज्ञ व्हायचंय.

म्हणून ती बी.एस्सी.ला नांदेडला माझ्याकडं आली. आमचं घर दोन खोल्यांचं. आमचे हे सकाळी दुकानावर जातात ते दिवेलागणीला येतात. मला मूलबाळ नाही. पोरगी घरात आली, मला बरं वाटलं. शांत पोर. ताट उचलायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तेवढं बोलायची. फक्त पुस्तक घेऊन कधी दिसायची नाही. मी मनात म्हटलं, असेल बाई, नजर टाकत असेल कॉलेजात. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा म्हणाली, "झालं चांगलं." भावानं तिकडं शाळेत पेढे वाटले.

दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. माझ्या वह्या मी पापडाच्या डब्यात ठेवते. उन्हाळ्यात केलेले पापड आणि कुरडया खाली, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर वह्या. त्या डब्याला सणावाराशिवाय कोणी हात लावत नाही आणि लावलाच तर मीच लावते. एका दुपारी लिहायला म्हणून वही काढायला गेले, तर वहीच्या वर बारीक घडी घातलेला कागद. उघडला. विद्यापीठाचा निकालाचा कागद होता. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण पोरीचं नाव मला वाचता येतं आणि दोन विषयांपुढं बाकीच्यांपेक्षा वेगळं काहीतरी लिहिलंय एवढं डोळ्याला कळतं. गणित आणि भौतिकशास्त्र.

ती आली. मी कागद तिच्यापुढं ठेवला. 

"आत्या, तो डबा तू उघडतीस?"

"डबा माझा हाय."

"मला वाटलं, पापड कोणी बघत न्हाई."

"मलाबी तसंच वाटलं होतं."

मग तिला काहीतरी आठवलं. "आत्या, तू लिहितीस?"

"तू नापास झालीस?"

 मग दोघींनी एकदमच म्हटलं, "कोणाला सांगू नको."

मी विचारलं, "किती वाचलंस?"

"आईनं शालीचा डाग ओळखला, तिथपर्यंत."

"राग आला?"

"न्हाई. लई हसले." आणि असं म्हणून ती रडायला लागली.

त्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते. हिवाळ्यात पुन्हा दिले, पुन्हा राहिले. आता उन्हाळ्यात शेवटची संधी होती. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. ह्यावेळी एक जरी राहिला तर वर्षभर घरी. घरी म्हणजे लातूरला, त्या कपाटासमोर, जिथं कोणी आलं की बाप म्हणणार, आमची पोरगी पुस्तकाला हात लावत न्हाई.

"मग अभ्यास कर की," मी म्हटलं.

"कसा करायचा?"

मला वाटलं चेष्टा करते. पण ती खरंच विचारत होती. तिला पान पाठ करता यायचं. ते झालं की आपलं काम झालं असं तिला चार वर्षांची असल्यापासून सांगितलेलं. म्हणाली, "आत्या, पान सगळं दिसतं मला. पण पेपरात तसं विचारत न्हाईत. मधलंच कायतरी विचारतात." मला तिचं ते बोटं मोजत पहिल्यापासून येणं आठवलं. वीस वर्षांची झाली तरी ती खुर्चीवरून खाली उतरली नव्हती.

तिच्या वह्या बघितल्या. एवढ्या स्वच्छ वह्या मी जन्मात बघितल्या नाहीत. कुठं खोडलेलं नाही. आमच्या चौथीच्या शाळेत पाटी होती. चुकलं की थुंकी लावून पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. सगळ्यांच्याच पाट्या पुसून पुसून कळकट झालेल्या, त्यामुळं लाज कोणाला नव्हती. मी तिला म्हटलं, "रोज दुपारी मी भाकरीला बसते तेव्हा मला एकेक शिकव. मला कळलं तर तुला कळलं."

"तुला कसं कळंल?"

"न्हाई कळलं तर तुझं चुकलं."

पहिल्याच दिवशी लाइट गेली. थंडी सरत आली की नांदेडला लगेच उकडायला लागतं, वर पंखा चालू होता. मी म्हटलं, "हे बघ, लाइट गेली तरी पंखा फिरायलाच. का फिरायला?"

पोरगी इंग्रजीतून सुरू झाली. धबधब्यासारखं. एक अख्खं पान सांगितलं, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. संपल्यावर सवयीनं इकडंतिकडं बघितलं.

"झालं पाठ," मी म्हटलं. "मी पंख्याचं विचारलं."

ती पंख्याकडं बघत राहिली. तो हळूहळू थांबत आला.  घाम पुसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला माहीत न्हाई."

मला वाटतं, तिच्या तोंडून हे वाक्य जन्मात पहिल्यांदा निघालं. म्हणून झाल्यावर ती घाबरून माझ्याकडं बघत होती, जणू आता छत पडणार. छत पडलं नाही. मी म्हटलं, "मलाबी न्हाई माहीत. बघ पुस्तकात."

दोन दिवस ती त्या पंख्याच्या मागं लागली. छताचा पंखा चालू करायचा, बंद करायचा आणि थांबेपर्यंत मोठ्यांदा आकडे मोजायचे. मग टेबल फॅन तसाच. आमचे हे जेवायला बसले होते. म्हणाले, "पोरीला उष्णता झाली का? एक पंखा लावायली, एक बंद करायली." तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं. वरच्या पंख्याची पाती लांब आणि जड. जडपणा मधे असण्यापेक्षा कडेला लांब असला की फिरवायला जास्त जोर लागतो, पण एकदा फिरलं की थांबायलाही तेवढंच जिवावर येतं. टेबल फॅनची पाती लहान, हलकी, तो लगेच थांबतो. मला कळलं. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या दादासारखं. एकदा सुरू झाला की लाइट गेली तरी थांबत न्हाई." ती पोट धरून हसली.

असे चार महिने गेले. सगळं मला कळलं असं नाही. गणितातलं तर निम्मं डोक्यावरून गेलं. पण मी "का?" म्हणायचे आणि ती अडायची, अडली की पुस्तकाकडं जायची. वह्या घाण झाल्या. पानंच्या पानं खोडलेली. ती खोडलेली पानं बघून मला असं बरं वाटायचं, जसं लेकरू माती खेळून आलं की वाटतं.

पेपर आठवड्यावर आले आणि एका दुपारी भाऊ दारात हजर. सोबत एक गृहस्थ, पांढरे कपडे, हातात पिशवी. लातूरच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. भाची बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसलेली, भोवती वह्यांचा पसारा, केस वर बांधलेले, बोटाला शाई. मी आत चहा ठेवला आणि पडद्याआड उभी राहिले. परक्या माणसापुढं मी जात नाही. चहासुद्धा पडद्यातून हात काढून देते.

भावानं पसारा बघितला. "हे काय करायलीस?"

"अभ्यास."

अध्यक्ष मोठ्यांदा हसले. त्यांना वाटलं विनोद. भाऊपण हसला. "कोणातरी मैत्रिणीच्या वह्या तपासायली असंल. जाऊ द्या. साहेब, कार्ड दाखवा."

कार्ड चकचकीत होतं. मधोमध भाचीचा फोटो. गुणवंत मुलांचा सत्कार, आणि भाची प्रमुख पाहुणी. खाली तिच्या भाषणाचा विषय छापलेला: अभ्यासाविना यश. शनिवारी सकाळी.

"शनिवारी जमत न्हाई," भाची म्हणाली. "माझा पेपर हाय."

"कसला पेपर? तुझे पेपर पुढच्या महिन्यात."

"पहिल्या वर्षाचा. गणिताचा."

माझा भाऊ खरंच हुशार माणूस आहे. एका क्षणात अध्यक्षांकडं वळून म्हणाला, "मार्क वाढवायला द्यायली. हिला शंभरच्या खाली चालतच न्हाई, लहानपणापासून तसंच हाय."

"न्हाई पप्पा," ती म्हणाली. "मी नापास झाले. दोनदा."

 भाऊ म्हणाला, "मजाक करायली. ही अशीच मजाकी हाय." आयुष्यात त्या पोरीनं मजा केली नव्हती आणि आता बाप तिला मजाकी करून बसला. अध्यक्षांना काही कळेना. ते पडद्याकडं बघून म्हणाले, "ताई, पोरगी खरं बोलायली का?"

भाऊसुद्धा पडद्याकडं बघत असणार. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण ठाऊक होता. तो सांगत होता, भाकरी करपायली बघ.  मी पडदा बाजूला केला.

"खरं हाय," मी म्हटलं. "दोन विषय राहिलेत. चार महिने झाले, पोरगी अभ्यास करायली. लई करायली."

आवाज माझाच होता, पण बाहेरच्या खोलीत तो ऐकायची मला सवय नव्हती.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. आता ते उठून जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. खाली बघून म्हणाले, "आमच्या पोराचे तीन राहिलेत."

भावानं मान वर केली. अध्यक्षांचा पोरगाही त्याच मांडवांतून फिरलेला. तो पाढे म्हणायचा, सरळ आणि उलटे. कार्यक्रमात भाचीच्या आधी त्याचा नंबर असायचा. अध्यक्ष भाचीला म्हणाले, "खोलीतून बाहेर निघत न्हाई. लोकांत म्हणता येईना. बाई, तू कसा करायलीस अभ्यास? म्हणजे, काय करतीस नेमकं?"

भाचीनं खोडलेलं पान त्यांच्यापुढं केलं. म्हणाली, "चुकते. मग पुन्हा करते."

अध्यक्षांनी ते पान दोन्ही हातांनी धरून वाचलं. त्यांना त्यातलं काही कळत नसणार, पण ते आमच्या घरात आलेलं पहिलं माणूस होतं ज्यानं सन्मानपत्रासारखं ते पान धरलं.

भाऊ मात्र शेवटपर्यंत झुंजला. "पण कार्ड छापून झालेत!"

"मी पण परीक्षेचा फॉर्म भरलाय, पप्पा."

तो न जेवता गेला. शनिवारी भाची पेपरला गेली. तिकडं लातूरला कार्यक्रम व्हायचा तो झालाच. वहिनीनं फोनवर सांगितलं, मंचावर पोरीच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली होती. शाल भावानं तिच्या वतीनं घेतली आणि भाषणही त्यानंच केलं. अभ्यासाविना यश ह्या विषयावर तो चांगला तासभर बोलला. तयारी केली नव्हती म्हणे.

निकाल मोबाइलवर आला. गणितात एक्केचाळीस, भौतिकशास्त्रात सेहेचाळीस. चाळिसाला पास. भाचीनं मला उचलून गोल फिरवलं, माझ्या हातातलं पीठ भिंतीवर उडालं. तिनं लातूरला फोन लावला. मी शेजारीच होते.  भाऊ म्हणाला, "लोकांना किती सांगू?"

"एक्केचाळीस सांगा."

"एक्केचाळीस कशातून?"

"शंभरातून, पप्पा."

त्यानं फोन ठेवला. तिनं तिसऱ्या वर्षाला नाव घातलं.

पंधरा दिवसांनी भाऊ स्वतः आला. एकटा. हातात एक पिशवी. तिच्या वतीनं घेतलेली शाल पोचवायला आलो म्हणाला. पिशवीतून काढली, तर तपकिरी काठ, कोपऱ्याला हळदीचा डाग. वहिनीनं ती पुन्हा कुठंतरी आहेरात दिली असणार आणि ती पुन्हा फिरून आली असणार. भावाच्या ते ध्यानात नव्हतं. शालीकडं तो कधी डोळे उघडून बघत नाही.

दुपारची वेळ. आम्ही तिघं बसलो होतो आणि लाइट गेली. भाऊ वर बघत टॉवेलनं वारा घ्यायला लागला. काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "दादा, लाइट गेली तरी पंखा कसा काय फिरतो रे?"

लहानपणापासून मी त्याला एवढा मोठा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो खूश झाला. घसा खाकरला. म्हणाला, "त्याचं असं हाय..." आणि सुरू झाला. आधी वायरमधे उरलेल्या करंटबद्दल बोलला. तिथून वीज मंडळावर गेला, तिथून न्यूटनवर, तिथून आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं त्यावर. मधे एकदा मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला किती मार्क पडले होते तेही आलं. पंखा कधीच थांबला होता. भाची त्याच्यासमोर मांडी घालून, हनुवटी हातावर ठेवून ऐकत होती. तिला उत्तर येत होतं. मलाही येत होतं. आम्ही दोघी काही बोललो नाही.

शेवटी तो थांबला. आमच्याकडं बघितलं.

भाचीनं टाळ्या वाजवल्या. मोठ्यांदा, लग्नात वाजवतात तशा. भावानं मान जरा खाली घातली, जशी मोठी माणसं घालतात. मग ती उठली, ती डागाची शाल उलगडली आणि बापाच्या खांद्यावर नीट घातली. पुढून दोन्ही टोकं सारखी केली. त्यानं सवयीनं हात जोडले.

त्याच्या काही ध्यानात आलं का, हे मला सांगता येत नाही. भाचीनं वही ओढून घेतली आणि माझ्याकडं सरकली, कालचं गणित अर्धं राहिलं होतं. भाऊ तिथंच बसून होता. मधेच एकदा त्यानं वहीत डोकावलं आणि खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. काही विचारेल असं वाटलं. विचारलं नाही.

लाइट यायला तास लागला. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण शाल काही त्यानं काढली नाही.